क्वेसार आणि आद्य विश्वातील महाकाय कृष्णविवरे

क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा. त्याच्या मध्याशी महाकाय कृष्णविवर असते आणि ते भोवतालचा वायू ओढून घेत असते. हा वायू थेट आत पडत नाही. तो तबकडीसारखा पसरून गरगरत राहतो, घर्षणाने प्रचंड तापतो आणि प्रकाशतो. कृष्णविवर अंधारेच असते. उजेड असतो तो आत जाण्याच्या वाटेवरल्या वायूचा. त्या उजेडापुढे भोवतालची अख्खी दीर्घिका फिकी पडते. अशा कृष्णविवराचे वस्तुमान लाखो सूर्यांपासून हजार कोटी सूर्यांपर्यंत भरते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातही सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे, पण सध्या त्याच्या वाट्याला वायू फारसा येत नाही, म्हणून तिचा गाभा क्वेसार नव्हे.

नेरळच्या आकाशातील क्वेसार. हौशी निरीक्षकाच्या आवाक्यातला क्वेसार व्यवहारात एकच, कन्या राशीतला थ्री-सी २७३. त्याची दृश्यप्रत १२.९ आहे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षाही तो पाचशेहून अधिक पटींनी मंद. मुंबईच्या उजेडात त्याचा नाद सोडावा. कर्जत लोकलने वांगणी-नेरळ गाठले, की गोष्ट बदलते. याच पट्ट्यात, वांगणीला, मुंबईच्या ‘खगोल मंडळा’ने वर्षानुवर्षे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम केले आहेत. एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेअकराच्या सुमारास कन्या रास मध्यमंडलावर येते आणि थ्री-सी २७३ नेरळच्या खस्वस्तिकापासून अवघा १७ अंश दक्षिणेला असतो. अमावास्येच्या आसपासची स्वच्छ रात्र, आठ इंची दुर्बीण आणि हातात बारीक ताऱ्यांचा नकाशा एवढी तयारी पुरते. दिसतो तो एक निळसर ठिपका, शेजारच्या ताऱ्यांहून जराही वेगळा नाही. नकाशाशी तीन-तीनदा ताडून पाहिल्याशिवाय खात्री पटत नाही. मात्र तो प्रकाश निघाला सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी. समोरच्या माथेरानचा कातळ ज्या लाव्हापासून झाला तो वाहिला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तोवर या प्रकाशाची बहुतेक वाट संपत आली होती. शाळकरी मुलांना विश्वाचे वय शिकवायचे असेल, तर याहून चांगला धडा कर्जत तालुक्यात सापडणार नाही.

शोध. १९६२ मध्ये चंद्र थ्री-सी २७३ या रेडिओ स्रोतावरून सरकला. सिरिल हॅझर्ड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने स्रोत नेमका केव्हा झाकला गेला ते टिपून त्याची जागा पक्की केली. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्या जागेवरल्या ‘ताऱ्या’चा वर्णपट तपासला. त्यातल्या अनोळखी रेषा साध्या हायड्रोजनच्याच होत्या, फक्त १६ टक्क्यांनी लाल टोकाकडे सरकलेल्या. एवढ्या ताम्रसृतीचा तारा आपल्या आकाशगंगेतला असणे शक्य नव्हते.

महाराष्ट्रातील संशोधन. इथल्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात नेरळच्याच रेल्वेमार्गावर, कल्याणला झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या १९६५ च्या सुमारास तिथे उभ्या केल्या. या तबकड्यांचे काम सूर्यापुरते होते. त्यात तयार झालेल्या गटाने पुढे उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली (१९७०). चंद्राने झाकलेले शेकडो रेडिओ स्रोत या दुर्बिणीने मोजले, म्हणजे हॅझर्ड यांचीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवले, की या स्रोतांचे आकार व तेज काळानुसार बदलत आलेल्या विश्वाशी जुळतात. हा निष्कर्ष विश्व सदासर्वकाळ सारखेच असते असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताच्या विरोधात जाणारा होता, आणि त्या सिद्धांताच्या अग्रणी पुरस्कर्त्यांत होते कोल्हापूरचे जयंत नारळीकर (१९३८–२०२५). क्वेसारची सगळी ताम्रसृती विश्वाच्या प्रसरणामुळेच आहे, हेही नारळीकरांनी सहजी मान्य केले नाही. पुढे स्वरूप यांचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि नारळीकरांची आयुका या दोन्ही संस्था पुणे विद्यापीठाच्या एकाच आवारात शेजारी नांदल्या. नारळीकरांची बाजू मागे पडली, पण अजित केंभावी यांच्यासह त्यांनी लिहिलेला क्वेसारवरील इंग्रजी ग्रंथ (१९९९) विद्यार्थ्यांसाठी मोलाचा ठरला. मतभेद असतानाही विषय इतक्या नेटाने शिकवणे, ही मराठी विज्ञानपरंपरेतील अभिमानाची गोष्ट आहे.

नेरळहून सरळ पूर्वेला, सह्याद्रीची धार ओलांडली की सुमारे ७५ ते ८० किमीवर जुन्नर तालुक्यातील खोडद येते. तिथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही महादुर्बीण आहे. तिच्या १५० मेगाहर्ट्‌झवरील सर्वेक्षणाने आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग पिंजून ६ लाखांहून अधिक स्रोतांची यादी केली. त्यांतले बहुसंख्य क्वेसार आणि रेडिओ दीर्घिका, म्हणजे महाकाय कृष्णविवरांचीच करामत.

आद्य विश्वातील कोडे. २०२१ मध्ये जाहीर झालेला जे०३१३−१८०६ हा क्वेसार आपल्याला दिसतो तो महास्फोटानंतर सुमारे ६७ कोटी वर्षांनी होता तसा. तेव्हाच त्याच्या कृष्णविवराचे वस्तुमान १६० कोटी सूर्यांइतके झाले होते. इथे हिशेब जुळत नाही. वायू आत पडताना बाहेर पडणारा प्रकाश मागून येणाऱ्या वायूला ढकलतो. त्यामुळे वाढीच्या वेगावर बंधन येते. त्याला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. या मर्यादेला टेकून अखंड वाढत राहिले, तरी कृष्णविवर दुप्पट व्हायला साधारण साडेतीन कोटी वर्षे लागतात. मृत ताऱ्यापासून बनलेले १०० सूर्यांचे बीज १६० कोटींवर जाण्यासाठी २४ वेळा दुप्पट व्हावे लागेल, म्हणजे ८४ कोटी वर्षे. हाती तर ६७ कोटीच, आणि त्यातलीही पहिली दहा कोटी किंवा अधिक वर्षे पहिले तारे पेटण्यापूर्वीच गेलेली.

सुटकेच्या वाटा दोन. एक, काही काळ ही मर्यादा मोडून वाढ झाली असावी. दुसरी, बीजच मोठे असावे: प्रचंड वायुमेघ तारे न बनवता थेट कोसळून हजारो ते लाखभर सूर्यांचे कृष्णविवर झाले असावे. या दुसऱ्या मताच्या प्रमुख मांडणीकार कोइमतूरला जन्मलेल्या, येल विद्यापीठातील प्रियंवदा नटराजन. २०२३ मध्ये वेब दुर्बीण आणि चंद्रा क्ष-किरण वेधशाळा यांनी मिळून यूएचझेड१ ही दीर्घिका पकडली; महास्फोटानंतर सुमारे ४७ कोटी वर्षांनंतरची. आज आपल्या आसपासच्या दीर्घिकांत कृष्णविवर ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या हजाराव्या भागाएवढे असते. यूएचझेड१ मध्ये ते ताऱ्यांच्या जवळपास बरोबरीचे दिसते. थेट कोसळण्याच्या कल्पनेतून अशाच दीर्घिकांचे भाकीत निघाले होते. पुरावा वजनदार आहे, तरी एका दीर्घिकेवरून निकाल लावणे घाईचे होईल. वेबने टिपलेले असंख्य छोटे लाल ठिपके हीही वाढत्या वयातली कृष्णविवरे आहेत का, यावर वाद चालू आहे.

महाकाय कृष्णविवरांचा माग प्रकाशाशिवायही लागतो. दीर्घिका एकमेकींत विलीन होतात, तेव्हा त्यांची कृष्णविवरे जोडीने फिरू लागतात आणि अत्यंत संथ गुरुत्वीय लहरी निघतात. एक लहर पूर्ण व्हायला काही वर्षे लागतात. २९ जून २०२३ रोजी युरोपीय गटाने आणि जीएमआरटी वापरणाऱ्या भारतीय पल्सार गटाने एकत्र, तसेच इतर देशांतील गटांनी स्वतंत्रपणे, अशा लहरींच्या सर्वव्यापी गुणगुणीचे पुरावे जाहीर केले. पल्सारांच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, ठोक्यांतला सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही सूक्ष्म फरक मोजून हे साधले, आणि ते मोजमाप खोडदच्या त्या तबकड्यांवर आजही चालू आहे.