चोकचा नॉब कुठे गेला?

पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा सुरुवातीची मारुती ८०० ज्यांनी चालवली आहे, त्यांना डॅशबोर्डजवळचा एक छोटा नॉब आठवत असेल. थंडीच्या सकाळी तो बाहेर ओढायचा आणि इंजिनाने सूर धरला की हळूहळू आत ढकलायचा. हाच चोक. आजच्या कोणत्याही नव्या मोटारीत तो नाही.

तो का गेला, याचे "तंत्रज्ञान सुधारले" हे उत्तर अर्धेच आहे. त्याच्या जाण्यामागे अमेरिकेतील एक विषारी द्रव, सिरॅमिकची एक जाळी आणि भारताचे सर्वोच्च न्यायालय आहे. त्या नॉबबरोबर गाडी राखण्याचे एक सबंध शास्त्र कालबाह्य झाले. ते शास्त्र मात्र आपल्या घरांत अजून शिकवले जाते आणि काही वेळा जिवावर बेतते. हा धागा त्या इतिहासाचा.

प्रथम यंत्र समजून घेऊ. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याची वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळावी लागते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे मिश्रण करण्याचे काम दीर्घकाळ कार्बोरेटरने केले. हवेची वाट मध्येच अरुंद केली की तेथे तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, आपोआप ओढले जाते. वीज नको, संगणक नको. इतकी साधी आणि इतकी देखणी यंत्ररचना क्वचितच आढळते.

पण कार्बोरेटरला ऋतू कळत नाही. थंड इंजिनात पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही. मग हवा अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागे. हवेचा गळा आवळायचा, म्हणून त्याचे नाव चोक. किती आवळायचा आणि केव्हा सोडायचा, हे चालकाने कानाने ठरवायचे. अंदाज चुकला की गाडी 'ओव्हरफ्लो' व्हायची, प्लग पेट्रोलने भिजायचे आणि घरचे सगळे तयार होऊन फाटकाशी ताटकळत उभे राहायचे.

ठिणगीचे कामही असेच हातचे होते. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी बॅटरीवरची प्रज्वलनव्यवस्था रूढ केली. १९१२ च्या कॅडिलॅकमधील विजेचा स्टार्टरही त्याचाच. त्याच्या कंपनीचे संक्षिप्त नाव डेल्को. आपल्याकडचे अनेक जुने मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला आजही 'डेल्को' म्हणतात, ते येथून आले. या डेल्कोमधील 'पॉइंट' झिजत, काळे पडत. ते पॉलिश पेपरने घासायचे, फीलर गेजने अंतर लावायचे. गेज नसेल तर जाड कागदाची घडी किंवा ब्लेड सरकवून काम भागवायचे.

आपल्याकडे या शास्त्राला बहर आला, कारण गाडी बदलणे ही चैन होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० मालिकेतील गाड्या निघू लागल्या आणि १९७० च्या दशकात त्याच गाडीचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. इंजिन १०८९ सीसीचे. परवाना राजच्या त्या काळात नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून असलेली गाडी दुरुस्त करत राहणे हाच मार्ग होता. डिकीत जादा प्लग, फॅन बेल्ट, पाण्याचा कॅन आणि दोरी नसेल तर तो मालक बेफिकीर समजला जाई.

मे महिन्याच्या दुपारी बोरघाटात किंवा खंबाटकीत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांचे दृश्य त्या पिढीने पाहिलेले आहे. इंजिनावर बसवलेला पेट्रोल पंप तापून नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी बंद पडे. त्यावरचा उपाय म्हणजे पंपावर ओला फडका. तो खरोखरच लागू पडे.

आता शिशाकडे वळू, कारण चोकच्या अंताची सुरुवात तेथे आहे. केटरिंग पुढे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला. त्याच्या हाताखालील थॉमस मिजली याने डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हा पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळला, तेव्हा इंजिनातील 'नॉकिंग', म्हणजे ताणाखाली येणारा खडखडाट, थांबला. १९२३ पासून ते पेट्रोल 'एथिल' या नावाने विकले जाऊ लागले. नावात शिशाचा उल्लेख नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शिसे विषारी आहे, हे रोमन काळापासून माहीत होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हा पदार्थ बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. त्यावर मिजलीने पत्रकारांसमोर तो द्रव हातावर चोळून आणि हुंगून दाखवला. पुढे जगभरच्या मुलांनी ते शिसे श्वासावाटे घेतले. वाढत्या मेंदूवर होणाऱ्या त्याच्या परिणामाला सुरक्षित अशी मर्यादा नाही.

विशेष हे की, शिशाला मोटारीतून हुसकावले ते मुख्यतः मुलांच्या आरोग्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या एका यंत्रासाठी. यूजीन हुड्री या फ्रेंच अभियंत्याने धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणारा उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, १९५० च्या दशकातच मांडला होता. सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा अतिपातळ थर, असे त्याचे स्वरूप. शिसे त्या थरावर बसले की उत्प्रेरक निकामी होई. अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा कडक झाला, १९७५ पासूनच्या गाड्यांत कन्व्हर्टर आले आणि त्यांच्यासाठी शिसेमुक्त पेट्रोल पंपावर आणावे लागले. मुलांचे रक्त जे करू शकले नाही, ते प्लॅटिनमने केले!

आणि याच कन्व्हर्टरने कार्बोरेटरचाही घास घेतला. नव्या प्रकारचा कन्व्हर्टर तीन प्रकारचे वायू एकाच वेळी हाताळतो, पण हवा-पेट्रोलचे प्रमाण त्या १४.७ च्या अगदी जवळ असेल तरच. ऋतू न कळणाऱ्या कार्बोरेटरला आणि कानाने चोक ओढणाऱ्या माणसाला ते साधणे शक्य नव्हते. म्हणून धुराड्यात ऑक्सिजन मोजणारा संवेदक बसवला गेला. १९७६ मध्ये बॉशने बनवलेला असा संवेदक कॅलिफोर्नियात विकल्या गेलेल्या व्होल्वो गाड्यांत प्रथम आला. तो सांगणार, संगणक ऐकणार आणि इंजेक्टर सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजून पेट्रोल फवारणार. चोक ओढणाऱ्या हाताला काही कामच उरले नाही.

भारतात हा बदल न्यायालयाच्या दारातून आला. एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवरील सुनावणी वर्षानुवर्षे चालली. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आणि शिसेमुक्त पेट्रोल आले. शहराबाहेर मात्र शिशाचेच पेट्रोल मिळे. गावी जाऊन टाकी भरली की मुंबईत घेतलेला महागडा कन्व्हर्टर बाद. हा विचित्र काळ १ फेब्रुवारी २००० रोजी संपला आणि देशभर शिसेमुक्त पेट्रोल सुरू झाले. त्याआधी २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रात १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ मानकाच्याच गाड्या नोंदवण्याचा आदेश दिला होता. कारखानदारांना वर्षभराचाही अवधी नव्हता. मारुती ८०० मध्ये इंधन-इंजेक्शन आले ते २००० च्याच सुमारास, आणि पद्मिनीचे उत्पादनही त्याच सुमारास थांबले.

पुढची मानके भराभर आली. २०१० मध्ये भारत स्टेज-४ ज्या १३ शहरांत प्रथम लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होते. २०१७ मध्ये ते देशभर झाले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६.

यंत्र बदलले, तसे घरातले शहाणपण बदलायला हवे होते. ते बदलले नाही. "उताराला गाडी न्यूट्रल कर, पेट्रोल वाचते" हा उपदेश घ्या. कार्बोरेटरच्या काळात तो हिशेबाने बरोबर होता: गाडी गिअरमध्ये असली तरी इंजिन जेटमधून पेट्रोल ओढतच राही. इंजेक्शनच्या गाडीत याच्या उलट आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो. चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावेच लागते. म्हणजे बचत उणे, आणि इंजिनाचा रोध गेल्याने सगळा भार ब्रेकवर. लांब उतारावर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड जाते.

त्याहून वाईट म्हणजे उतारावर इंजिनच बंद करणे. मूळ फियाटच्या ब्रेकना इंजिनाच्या निर्वाताचे साहाय्य नव्हते, जे होते ते पायाचे बळ. आजच्या गाडीत इंजिन बंद झाले की दोन-चार दाबांत ते साहाय्य संपते, पेडल दगडासारखे होते, स्टिअरिंग जड होते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे प्राथमिक तपासात पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या होत्या. कात्रज ते नवले पूल हा उतार रोज उतरणाऱ्या कुटुंबांनी हे एक वाक्य मुलांना आवर्जून सांगावे: ज्या गिअरने चढाल, साधारण त्याच गिअरने उतरा.

इतर सवयी इतक्या घातक नाहीत, खर्चिक आहेत. सकाळी गाडी जागेवर दहा मिनिटे तापवणे आता निरर्थक आहे. अर्धा मिनिट थांबून पहिले काही किलोमीटर सावकाश चालवावी. रिझर्व्हवर गाडी चालवण्याची काटकसर पूर्वी खपून जाई. आता पंप टाकीच्या आत असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. दहा जणांना बोलावून धक्का मारण्याचेही दिवस गेले. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर पंप आणि संगणकच जागे होत नाहीत, आणि सुरू होता होता न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पोचले तर तो तापून खराब होतो. जुन्या इंजिनात जाड तेल घालून आवाज दाबण्याची युक्तीही सोडावी. आजच्या इंजिनांतील वाटा पातळ तेलासाठी आखलेल्या असतात. पुस्तिकेत लिहिलेला क्रमांक हाच प्रमाण मानावा.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक. भारत स्टेज-६ च्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती स्वतः तापून काजळी जाळते. त्यासाठी सलग, बऱ्यापैकी वेगाने गाडी चालावी लागते. रोज दोन-चार किलोमीटरवर शाळा आणि मंडई करणाऱ्या कुटुंबाने अशी गाडी घेणे म्हणजे गाळणी तुंबण्याला आमंत्रण.

या बदलाची किंमत कुणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. कानाने टॅपेट ओळखणारा, एकेक प्लगची वायर काढून 'मिस' शोधणारा मेकॅनिक एका पिढीत मागे पडला. त्याची ही वायर काढण्याची रीतसुद्धा आता कन्व्हर्टरला अपायकारक ठरते. हवा स्वच्छ करण्यासाठी हे होणे अटळ होते, असे माझे मत आहे. पण त्यासोबत दुरुस्तीचे ज्ञान कंपनीच्या कुलुपात जाणे अटळ नव्हते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देण्याच्या बाजूने कौल दिला. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे.

मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. तिच्या जागी आलेल्या गाड्यांत, आणि आपल्याही गाडीत, स्टिअरिंगखाली १६ पिनांचे एक सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचे झाले आणि तेथून जगभर पसरले. इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, तेव्हा त्यामागचा कोड या सॉकेटमधून वाचता येतो. दिवा स्थिर असेल तर सवडीने तपासणी चालते. तो लुकलुकत असेल तर वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी, कारण पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जात असण्याचा संभव असतो. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला तर मात्र इंजिन त्याच क्षणी बाजूला घेऊन बंद करायचे. पुढच्या खेपेला गॅरेजमध्ये "सेन्सर गेला" एवढेच उत्तर मिळाले, तर तो कोड कागदावर लिहून मागा.