गुळगुळीत भिंतीचा इतिहास

घराच्या भिंती किती जाड आहेत हें पाहुण्यास कळत नाहीं. त्या किती सपाट व नितळ आहेत हें मात्र त्याच्या डोळ्यांस तत्काळ दिसतें. खिडकींतून तिरपें ऊन आलें कीं गवंड्याच्या हाताची प्रत्येक चूक भिंतीवर सावली होऊन उभी राहते. म्हणूनच गुळगुळीत भिंत ही पुष्कळ काळ सुखवस्तु घराची खूण मानली जाई. ती बाजारांत मिळत नसे. कुशल कारागिराच्या श्रमांनीं ती जागच्या जागीं घडवावी लागे. हीच भिंत कारखान्यांत तयार होऊन गाडीवरून घरीं कशी येऊं लागली, तो इतिहास सवाशें वर्षांहून थोडाच अधिक जुना आहे, आणि तो मुख्यत्वें अमेरिकेंत घडला.

अमेरिकेंतील घरांचा सांगाडा बहुधा लाकडाचा. एकोणिसाव्या शतकांत या सांगाड्यावर आंतल्या बाजूनें अरुंद लाकडी पट्ट्या थोडथोडें अंतर सोडून ठोकीत व त्यांवर गिलावा चढवीत. चुना, वाळू व जनावरांचे केस यांचा पहिला थर पट्ट्यांच्या फटींतून पलीकडे शिरून तेथेंच घट्ट बसे, आणि त्याच्या आधारावर पुढील दोन थर राहत. प्रत्येक थर वाळण्यास कित्येक दिवस लागत. हवा थंड व दमट असली तर आठवडेही जात. छताचा गिलावा तर मान मागें टाकून, हात डोक्यावर धरून करावा लागे. तोंवर सुतार, रंगारी आणि घरमालक सर्वच खोळंबून राहत.

या अडचणीवरील उपाय ज्या खनिजांत सांपडला, तें मनुष्यास नवें नव्हतें. तें जिप्सम होय. आयुर्वेदांत त्यालाच गोदंती म्हणतात. शुद्ध जिप्सममध्यें वजनाच्या सुमारे एकपंचमांश पाणी असतें, परंतु तें स्फटिकांत बद्ध असल्यामुळें दगड कोरडाच लागतो. त्यास सुमारे १५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें कीं पाऊण हिस्सा पाणी निघून जातें व पांढरी भुकटी उरते. या भुकटींत पाणी कालविलें म्हणजे ती गमावलेलें पाणी परत घेते आणि थोड्याच वेळांत पुन्हा दगड बनते. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १७६५ सालीं, हें रहस्य उकलून दाखविलें. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडींतील खाणींमुळें या भुकटीस प्लॅस्टर ऑफ पॅरिस हें नांव पडलें. महाराष्ट्रांत गणपतीच्या मूर्तींमुळें तें घरोघरीं ठाऊक आहे.

या द्रव्याचा आणखी एक गुण भिंतीस फार उपकारक ठरला. आग लागली असतां जिप्सममधील पाण्याची वाफ होऊं लागते, आणि तें पाणी संपेपर्यंत भिंतीमागील लाकूड फारसें तापत नाहीं. १६६६ सालीं लंडन शहर आगींत होरपळल्यावर दुसऱ्याच वर्षीं पॅरिसमध्यें लाकडी घरांवर प्लॅस्टरचा लेप देण्याची राजाज्ञा निघाली, ती अशा अनुभवाच्या आधारावरच.

ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकन गृहस्थानें १८९४ सालीं प्लॅस्टरच्या तक्त्याचें पेटंट मिळविलें. कागदाचे चार पदर आणि त्यांच्यामध्यें प्लॅस्टरचे तीन थर, अशी त्याची रचना होती. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, गिलाव्यास रजा देण्याचा सॅकेटचा हेतु नव्हता. गिलाव्याखालील लाकडी पट्ट्यांच्या ऐवजीं हा तक्ता ठोकावा आणि वर कारागिरानें पूर्ववत् आपलें काम करावें, एवढीच त्याची अपेक्षा होती. १९०२ सालीं अनेक लहान कंपन्या एकत्र होऊन युनायटेड स्टेट्स जिप्सम ही कंपनी निघाली, आणि तिनें १९०९ सालीं सॅकेटचा धंदा विकत घेतला. पुढें तक्त्याच्या कडा कागदानें मढविण्याची युक्ति निघाली, आंतले पदर गेले, आणि दोन कागदांमध्यें प्लॅस्टरचा एकच थर राहिला. १९१७ च्या सुमारास ‘शीटरॉक’ या नांवानें हा तक्ता विकण्यास आला, तेव्हां सांगणें निराळें होतें: यावर आतां गिलावा नकोच.

लोकांनीं मात्र तें सहजासहजीं मानलें नाहीं. बोटानें ठोकलें तर पोकळ आवाज देणारी, जड तसबिरीचा खिळा न पेलणारी ही भिंत त्यांना नकली वाटे. कारागिरांचाही आक्षेप होता, आणि तो केवळ पोटासाठीं नव्हता. पक्क्या गिलाव्याचा कठीणपणा व त्याचें दीर्घायुष्य या तक्त्यांत नव्हतें, हें खरेंच होतें. १९३३-३४ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांतील अनेक इमारतींत हे तक्ते वापरले गेले; तरीही घराघरांत गिलाव्याचाच मान राहिला.

हें पारडें फिरविलें तें दुसऱ्या महायुद्धानें. कारागीर सैन्यांत गेले आणि जें काम झपाट्यानें होईल तेंच पतकरावें लागलें. युद्ध संपतांच एक कोटीहून अधिक सैनिक सेवामुक्त झाले, आणि १९४४ च्या कायद्यानें त्यांना घरासाठीं सरकारी हमीवर कर्ज मिळण्याची सोय झाली. कर्ज मिळे, पण घर मिळेना; कित्येक तरुण जोडपीं आईबापांच्या घरीं अडचणींत दिवस कंठीत होतीं. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन या वसाहतींत १९४७ ते १९५१ या काळांत सतरा हजारांहून अधिक घरें उभीं राहिलीं. भराच्या दिवसांत रोज सुमारे तीस घरें पुरीं होत. भिंत वाळण्याची वाट पाहत बसणें अशा कामास परवडणारें नव्हतें. तक्त्यांचा विजय झाला तो ते अधिक चांगले होते म्हणून नव्हे, तर घरावांचून असलेल्या माणसास थांबावयास वेळ नव्हता म्हणून.

तथापि कौशल्य लोपलें असें म्हणतां येणार नाहीं; तें सांध्यांत जाऊन राहिलें. तक्त्यांच्या लांब कडा किंचित् उतरत्या केलेल्या असतात, त्यामुळें दोन तक्ते जोडले म्हणजे मध्यें उथळ पन्हळ पडते. तींत लगदा भरून कागदी पट्टी बसवितात. नंतर एकावर एक, प्रत्येक वेळीं अधिक रुंद असे पातळ हात देऊन, शेवटीं कांचकागदानें घासतात. हें काम साधलें तर दिसत नाहीं. बिघडलें तर तिरप्या उजेडांत सांधा उघडा पडतो. छताला तर खिडकीचा उजेड दिवसभर तिरपाच लागतो, म्हणून तेथील चूक लपवितां येत नाहीं.

पाणी हा या भिंतीचा शत्रु. २००५ सालीं कॅट्रिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहराचा बहुतेक भाग पाण्याखालीं गेला, तेव्हां हजारों घरांतील हे भिजून बुरसटलेले तक्ते फोडून रस्त्यांवर ढीग घालावे लागले. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत व घरांत आज जिप्समचीं छतें सर्रास दिसतात; गच्ची गळली म्हणजे त्यांवर पिवळे डाग उठतात, तेंही याच स्वभावामुळें. अशा वेळीं जुन्या कारागिराचा आक्षेप आठवावा, आणि त्याबरोबरच छपराची वाट पाहणाऱ्या त्या जोडप्यांचीही आठवण ठेवावी. दोघांचेंही म्हणणें खरें होतें. कोरड्या जागीं, चांगल्या हातांनीं सांधा भरला, तर ही भिंत दोघांचेंही समाधान करूं शकते.