ओतलेलं पाणी आणि शेवाळाची जाळी

प्रवाळ घरात जगवण्याचा पहिला नोंदलेला खटाटोप 1846 चा. ॲना थिन या लंडनच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ बरणीत घालून घरी नेलं. समुद्र लांब, तेव्हा आहे तेच पाणी टिकवायचं होतं. त्यांनी मोलकरणीला उघड्या खिडकीशी उभं केलं आणि रोज अर्धा-पाऊण तास पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायला लावलं. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच पाण्यात समुद्रातलं शेवाळही सोडलं. मला त्या मोलकरणीबद्दल फार आदर वाटतो. प्रवाळ जगलं ते तिच्या मनगटावर.

वाहतं पाणी आणि हिरवळ ही जोडी पुढे फुटली. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उभं राहिलं ते समुद्राच्या काठावरच, म्हणजे खारं पाणी हाताशीच. समुद्रापासून दूर राहणाऱ्या हौशी माणसांनी वाळूच्या गाळण्या लावल्या, मग फेस काढणारे स्किमर आले. शेवाळ मात्र काचेवरून खरवडून फेकायची घाण ठरलं. घोडेगावात माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, आणि आमच्या धंद्यातही तेच. शेततळ्यातलं शेवाळ लॅटरल नळ्यांमध्ये शिरलं की ड्रिपर तुंबतात, म्हणून सँड फिल्टर, डिस्क फिल्टर, क्लोरीन.

शेवाळाकडे पाहायची ही दृष्टी बदलली वॉल्टर ॲडी या शास्त्रज्ञाने. ते अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे. प्रवाळाच्या बेटांभोवतीचं पाणी इतकं निर्मळ, तरी तिथे एवढी जीवसृष्टी पोसते कशी, याचं बरंचसं उत्तर त्यांना खडकावरच्या आखूड, दाट शेवाळात सापडलं. लाटा त्याच्यावर आदळत राहतात, ते पाण्यातलं नत्र-स्फुरद झपाट्याने ओढून घेतं आणि मासे ते चरतात. 1980 साली संस्थेच्या संग्रहालयात त्यांनी प्रवाळाचं जिवंत दालन उभं केलं. भरली की आपोआप कलंडणारी बादली, तिच्याखाली जाळी, वर दिवे. बादली लाटेचं काम करी आणि वाढलेलं शेवाळ माणूस खरवडून काढी. 1982 मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला 1987 साली उघडलेल्या मोठ्या मत्स्यालयातही हीच पद्धत होती. पाण्याला पिवळट झाक येते ही तक्रार तेव्हापासूनची. थोडा सक्रिय कार्बन ठेवला की ती जाते.

बादली घरात नको म्हणून 2008 च्या सुमारास अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी जाळी उभी टांगली. माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर तोच नमुना आहे. पीव्हीसी पाइपला जाळीच्या रुंदीएवढी, तीन मिलिमीटरची सरळ चीर पाडायची. भरतकामाची प्लॅस्टिकची जाळी आरीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी निवडुंगासारखी खरबरीत करून त्या चिरेत अडकवायची. पाइपच्या एका टोकाला एंड कॅप, दुसऱ्याला युनियन; युनियन असली की धुताना सगळं सुटं करता येतं. त्याआधी बॉल व्हॉल्व्ह, तोही प्लॅस्टिकचाच. पितळेचा अजिबात नको, कारण पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात उतरलेलं तांबं प्रवाळ आणि शंख-खेकड्यांना मारतं. पाइप चिकटवायचं सोल्यूशन पुरतं वाळल्याशिवाय पाणी सोडू नये.

पाणी सोडायचं ते जाळीच्या इंचाला तासाला सुमारे 130 लिटर, म्हणजे दहा इंचाला 1300. पातळ पडदा जाळीवरून वेगाने घरंगळला पाहिजे. संथ पाण्यात शेवाळाच्या तंतूभोवती निपचित थर साचतो आणि त्याला खाद्य पोहोचत नाही. दिवे मी रात्री लावतो. टाकी अंधारात असताना सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो शेवाळ पिऊन घेतं आणि सामू खाली जात नाही. आधी तपकिरी बुळबुळीत थर येतो, तो पुसून टाकला की हळूहळू हिरवे केस धरतात. आठ-पंधरा दिवसांनी जाळी गोड्या पाण्याखाली धरून अर्धीच खरवडायची. उरलेली अर्धी काम चालू ठेवते.

एक गोष्ट मात्र अशा टाकीसाठी सामान नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. आपल्या समुद्रातलं कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कोकणातून कुणी तुकडा आणून देतो म्हणाला तर घेऊ नका.

ॲडींची जाळी काचेच्या टाकीत थांबली नाही, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्यात वॉल्टर मल्ब्री यांनी ती गाईंच्या शेणाच्या पाण्यावर चालवली आणि वाळवलेलं शेवाळ खत म्हणून वापरून पाहिलं. आमच्या गावचा जनावरांचा बाजार नावाजलेला, दारोदार दुभती जनावरं, गोठ्याचं पाणी सरळ ओढ्याला. त्या पाण्यासाठी हवं ते एवढंच: उतारावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर जाळी, वर ऊन. दिव्याचा खर्चही नाही. पाइप, टी, व्हॉल्व्ह माझ्या दुकानात पडलेलेच आहेत. जागा देणारा एखादा गोठेवाला मिळाला, तर पहिली जाळी मी स्वखर्चाने बसवून देईन.