दोन भाषांतील उन्हाळा

मंडळाच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेत कार्यकारिणी, वास्तू आणि गणेशोत्सव यांचा इतिहास यावा, हे योग्यच होय. परंतु आम्हां रायपूरकर मराठी मंडळींचा आणखी एक इतिहास आहे. त्याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नाही; असलीच तर ती आमच्या गुडघ्यांवरील जुन्या व्रणांत आहे. तो इतिहास म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीतील खेळांचा.

आपली माणसे या प्रांतात आली ती भोसल्यांच्या मागोमाग. 1741 साली भास्करपंतांची स्वारी झाली आणि 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. 1818 नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. पुढे 1888 साली आगगाडी आली, आणि कचेरी, शाळा व रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे तात्यापारा, बूढापारा या भागांत स्थिरावली. याच मराठी समाजातील माधवराव सप्रे यांनी वामनराव लाखे आदी सहकाऱ्यांसह 1900 साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. घरची भाषा न सोडता भूमीची भाषा आपलीशी करण्याचे जे कार्य त्यांनी लेखणीने केले, तेच आम्ही, नकळत का होईना, विटीदांडूने करीत होतो.

आमचे बालपण 1960 नंतरच्या दशकातले. परीक्षा संपली की दिवसाचे दोन तुकडे पडत. ऊन चढण्यापूर्वी बूढा तलावाचा काठ आमचा असे. दुपारी लू सुटली म्हणजे खिशात कांदा घालून दिलेला असूनही ओसरीवरच अडकून पडावे लागे. नवतपाच्या नऊ दिवसांत तर वडीलधाऱ्यांचा पहारा अधिकच कडक. ऊन कलले की पुन्हा मैदान.

मैदानात मात्र प्रत्येक खेळाला दोन नावे होती. घरी जी लगोरी, ती बाहेर पिट्ठुल. गोट्या म्हणजे बांटी, भोवरा म्हणजे भौंरा, ठिकरी म्हणजे बिल्लस आणि हुतूतू म्हणजे खुडवा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनला जाऊन दाखविलेला देशी खेळ तो हाच, हे आम्हांस फार पुढे कळले. फुगडीची गंमत तर आगळीच. शब्द एकच, पण आमच्या बहिणी हात धरून गरगर फिरत, तर शेजारच्या मुली उकिडव्या बसून पाय मागेपुढे नाचवीत. एके दिवशी आजीने ते पाहिले आणि ती म्हणाली, “अगं, ही तर आपली बसफुगडी!” त्या दिवसापासून दोन्ही फुगड्या एकाच अंगणात रंगू लागल्या.

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे येथल्या अक्तीला, मातीच्या पुतरा-पुतरीचे लग्न लागे. मांडव डहाळ्यांचा, हळद छत्तीसगढ़ी रीतीची. अंतरपाट मात्र आमच्या घरचा आणि मंगलाष्टकेही आमचीच. लग्न कोणत्या पद्धतीचे, असा प्रश्न वऱ्हाड्यांपैकी कोणालाही पडला नाही.

“पोरांचे मराठी बिघडते आहे,” ही घरातल्या थोरांची तक्रार होती. ती अगदीच निराधार नव्हती. आम्ही भांडत असू ते छत्तीसगढ़ीत आणि रडत असू ते मराठीत. पण भाषा गेली नाही. तिला एक सोबतीण मिळाली, इतकेच.

येथे एक कबुलीही दिली पाहिजे. आमचे काही सवंगडी वैशाखात एकाएकी दिसेनासे होत. ते मामाच्या गावी गेले असतील, असे आम्ही समजत असू. वस्तुतः ते आईबापांबरोबर तेंदूपत्ता तोडावयास गेलेले असत. परतताना आमच्यासाठी ओंजळभर तेंदूची व चाराची फळे आणीत. आम्ही ती खाऊन खेळावयास पळत असू. आमची सुटी हा त्यांच्या कष्टाचा हंगाम होता, हे उमगण्यास आम्हांस अर्धे आयुष्य लागले. स्मृतिरंजनात ही गोष्ट गाळली तर तो इतिहास राहणार नाही.

आता शहर पालटले आहे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ़ राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. ज्या धमतरीच्या छोट्या गाडीकडे पाहून आम्ही हात हलवीत असू, तिचा शहरातील मार्ग 2017 साली बंद झाला व तेथे रुंद रस्ता आला. 2022 साली शासनाने छत्तीसगढ़िया ऑलिंपिक भरविले. त्यातील 14 प्रकारांत पिट्ठुल, बांटी, बिल्लस, भौंरा व फुगडी यांना स्थान मिळाले. प्रेक्षकांत बसलेल्या आमच्यापैकी कित्येकांचे डोळे पाणावले. तरी स्पर्धा म्हणजे सुटी नव्हे. खेळाला पंचापेक्षा मोकळे अंगण आणि शेजारचे मूल अधिक लागते.

म्हणून सुवर्ण महोत्सवी वर्षात आमची एवढीच विनंती की, मंडळाने उन्हाळ्यात एक संध्याकाळ नातवंडांच्या खेळांसाठी राखावी आणि फाटक शेजारच्या वस्तीतील मुलांसाठीही उघडे ठेवावे. खेळाचे नियम शिकवावयास आम्ही आहोतच. गुडघे तेवढे पूर्वीचे राहिलेले नाहीत.