चांद्याची वाट

मार्कंड्यापाशी वैनगंगा वळते आणि उत्तरेकडे वाहू लागते. १८१७ साली हा सगळा रानमुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. राजधानीवर संकट आलं तर मागे सरकायची जागा म्हणजे चांदा, आजचं चंद्रपूर. गोंड राजांनी बांधलेला परकोट, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर अशा वेशी, भोवती इरई आणि झरपट, आणि त्यापलीकडे जंगल. नागपूरच्या गादीवरचा माणूस अडचणीत आला की चांद्याकडे बघत असे.

२७ मे १८१६, रात्र.
दुसरे रघूजी भोसले जाऊन दोन महिने झाले आहेत. मुलगा परसोजी अंध आणि पंगू. परसोजींचे चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब कारभार पाहतात, पण दरबारात त्यांचे विरोधक आहेत. म्हणून सही रात्री, गुपचूप होते. समोर इंग्रजांचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स. तह तैनाती फौजेचा, वर्षाला साडेसात लाख रुपये. १८०३ मध्ये अडगावला हार झाली, देवगावच्या तहात कटक आणि वऱ्हाड गेलं, तरी रघूजींनी मरेपर्यंत ही फौज घेतली नव्हती.

१ फेब्रुवारी १८१७, सकाळ.
परसोजी बिछान्यात मृत सापडतात. आप्पासाहेब नागपुरात नाहीत. थोड्याच दिवसांपूर्वी ते चांद्याला गेले आहेत. मृत्यू नैसर्गिक असल्याचं जाहीर होतं. परसोजींची पत्नी काशीबाई सती जाते. कुजबूज रेसिडेन्सीपर्यंत जाते. पुरावा हाती लागत नाही, प्रकरण मिटतं. राजे गळा दाबून मारले गेले, हे जेंकिन्स लेखी मांडतो ते नंतर, आप्पासाहेब शत्रू झाल्यावर.

२१ एप्रिल १८१७.
आप्पासाहेब गादीवर बसतात.

५ नोव्हेंबर १८१७.
पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची फौज इंग्रजांवर चालून जाते आणि मागे फिरते. १७ तारखेला पुणं इंग्रजांच्या ताब्यात जातं. पेशवे दुसरे बाजीराव तोवर पुण्याबाहेर पडले आहेत.

२४ नोव्हेंबर, नागपूर.
पेशव्यांकडून आलेली खिलत आणि सेनापतिपद आप्पासाहेब भर दरबारात, फौजेसमोर स्वीकारतात. समारंभाचं बोलावणं जेंकिन्सलाही आहे. तो हरकत कळवतो आणि जात नाही. हा किताब ज्या गादीचा, त्या गादीचं शहर जाऊन सात दिवस झालेले. खिलत आठवडाभर पेटीत राहिली असती तर? इतिहासात असल्या प्रश्नांना अर्थ नसतो.

२५ नोव्हेंबर, सकाळ.
इंग्रज फौजेचा लेफ्टनंट कर्नल स्कॉट तेलंगखेडीचा तळ मोडून सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर येतो. मद्रासच्या दोन पलटणी, रेसिडेंटचे शरीररक्षक, बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या आणि चार लहान तोफा. माणसं सगळी मिळून दीड हजारांच्या आत. सामानसुमान घेऊन उघड्यावरून चाललेल्या या रांगेवर कोणी हात टाकत नाही. शहर आणि रेसिडेन्सी यांचा व्यवहार मात्र बंद केला जातो. इशारा मिळाला, वार झाला नाही.

२६ नोव्हेंबर, दुपार.
राजाची फौज अठरा हजारांच्या आसपास, तोफा छत्तीस. त्यांत तीन हजारांवर अरब. भरवसा खरा त्यांच्यावर. धाकट्या टेकडीच्या पायथ्याशी वस्तीच्या झोपड्या आहेत आणि अरब तिथे गोळा होऊ लागतात. वरून ते दिसतात. वस्ती रिकामी करून घ्यायला स्कॉटला माणसंही पुरत नाहीत आणि वेळही. दरबाराचे निरोप येत-जात राहतात.

सायंकाळी ६ च्या सुमारास.
दिवस मावळतीला पहारे लावत असताना झोपड्यांतून गोळीबार सुरू होतो.

रात्री.
धाकटी टेकडी सगळ्यांत कच्ची बाजू. चढ सोपा, आडोसा शत्रूकडे. तिथला कप्तान सॅडलर मारला जातो. त्याच्या जागी आलेला कप्तान जखमी होतो. धान्याची पोती रचून आड केली जाते.

पहाटे २.
गोळीबार मंदावतो. टेकडीवरची माणसं थकली आहेत, कमी झाली आहेत. राजाकडे ताजी फौज पडून आहे. या तीन-चार तासांत तिने एक मोठी उडी घेतली असती तर टेकडी राहिली नसती. ती उडी घेतली जात नाही. हुकूम कोणी द्यायचा हेच ठरलेलं नसावं. लढाई करायची आणि नाकारायची वाटही मोकळी ठेवायची, असा राजाचा बेत. असली लढाई अर्धीच लढली जाते.

२७ नोव्हेंबर, उजाडताना.
राजाच्या तोफा जवळ आणल्या जातात. मैदानात घोडदळ.

सकाळी ९ च्या सुमारास.
धाकट्या टेकडीवर दारूच्या गाड्याचा स्फोट होतो. त्या गोंधळात अरब वर चढतात आणि टेकडी घेतात. हाती लागलेली तोफ फिरवून ते थोरल्या टेकडीवर मारा करतात. अंतर सुमारे तीनशे यार्ड. या सकाळी रेसिडेंटचा मदतनीस सोथबी आणि डॉक्टर नेव्हन मारले जातात. शहराच्या बाजूने पाहणाऱ्याला हा विजयच वाटला असेल.

त्यानंतर.
कप्तान फिट्झजेराल्डच्या बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या मैदानात घुसतात. राजाचं कितीतरी पट घोडदळ फुटतं, दोन तोफा इंग्रजांच्या हाती लागतात. टेकडीवरचे सैनिक हे बघत असतात. तेवढ्यात धाकट्या टेकडीवर पुन्हा दारू उडते, या वेळी अरबांच्या गर्दीत. पायदळ संगिनी लावून उतरतं आणि टेकडी परत घेतं.

दुपारी १२.
लढाई संपली. टेकडीवरचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेहून जास्त, म्हणजे चारांत एक. या फौजेचा खर्च ज्या साडेसात लाखांतून चालायचा, ते नागपूरच्या खजिन्यातले.

पुढचे दोन दिवस.
हल्ला आपल्या हुकमाने झाला नाही, असा निरोप राजाकडून येतो. जेंकिन्स म्हणतो, आधी फौज मागे घ्या. २९ ला इंग्रजांची पहिली कुमक पोचते, १२ डिसेंबरला जनरल डव्हटन.

१६ डिसेंबर, पहाटे ४.
शरणागतीच्या अटींची मुदत. सकाळी नऊच्या सुमारास आप्पासाहेब रेसिडेन्सीत येतात. राजा आत असताना बाहेर सक्करदऱ्याकडे त्यांच्याच तोफा डव्हटनवर सुरू होतात. अरब शहरात शिरतात. २४ ला जुम्मा दरवाजावरचा, आजच्या गांधी गेटवरचा इंग्रजांचा हल्ला ते परतवतात. ३० ला शहर सोडतात. महिनाभरात ठाम वागले ते एवढेच, आणि ते भाडोत्री होते.

६ जानेवारी १८१८.
आप्पासाहेबांना गादी परत मिळते. किल्ले, मुलूख आणि कारभारातला शब्द जातो.

१५ मार्च १८१८.
पेशव्यांशी पत्रव्यवहार आणि चांद्याला निघून जाण्याचा बेत उघडकीला येतो. आप्पासाहेबांना अटक होते.

१७ एप्रिल.
बाजीराव चांद्याच्या रोखाने वर्धा नदीपर्यंत आलेले. पांढरकवड्याजवळ सिवनीला इंग्रजांचा कर्नल अ‍ॅडम्स त्यांना गाठतो. ते निसटतात, पण चांद्याची दिशा सोडून.

९ मे.
अ‍ॅडम्स चांद्यासमोर. आत किल्लेदार गंगासिंग. बाहेरून येणारं आता कोणी उरलेलं नाही.

१३ मे, पहाटे २ च्या सुमारास.
प्रयागला नेत असताना जबलपूरजवळच्या रायचूर गावी आप्पासाहेब शिपायाच्या वेशात पहाऱ्यातून बाहेर पडतात. बिछान्यात उशी ठेवलेली असते. ते महादेवाच्या डोंगरात शिरतात. चांदा दक्षिणेला, मध्ये सगळा इंग्रजी पहाऱ्याचा मुलूख.

२० मे, सकाळ.
चांद्याच्या तटाला खिंडार पडलेलं आहे. फौज आत शिरते. गंगासिंग मारला जातो. आप्पासाहेबांना सुटून सात दिवस झाले आहेत.