आठवणींची उलटतपासणी

मागल्या जत्रेत पालखी देवळात परतल्यानंतर अग्रशाळेच्या ओसरीवर आम्ही घटकाभर टेकलो होतो. शेजारी दोन वृद्ध गृहस्थांचे वाग्युद्ध चालले होते. एक बेळगावकडचे, ऐन उमेदीत हवाई दलाच्या बाँबफेकी विमानांची देखभाल केलेले. दुसरे मुरगावचे, आरमाराच्या विमानशाखेतून निवृत्त झालेले. पहिले म्हणाले, "अहो, आमच्या बाँबांनी नांगरून दिलेल्या शेतात तुमच्या आरमाराने आयता संसार थाटला!" दुसऱ्यांनी तत्काळ उत्तर दिले, "नांगरट एवढी खोल होती, तर त्याच रात्री दोन विमाने तिच्यावरून उडाली कशी?" सारी ओसरी हसली. आम्हीही हसलो, परंतु व्यवसायाने वकील असल्यामुळे या थट्टेत आम्हांला दोन साक्षीदारांच्या जबान्या ऐकू येऊ लागल्या, आणि त्या पुराव्याशी ताडून पाहण्याचा मोह आवरला नाही.

१९५४ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सत्तेने गोवा, दमण आणि दीव येथे धावपट्ट्या उभारून १९५५ मध्ये आपली स्वतंत्र विमानसेवा सुरू केली. दाबोळीचा जन्म असा नाकेबंदीच्या पोटी झाला. पुढे १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी बारा कॅनबेरा विमानांनी या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३ हजार पौंड बाँब टाकले. त्यानंतर आठ कॅनबेरांची दुसरी तुकडी आली. हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. पुणे आणि सांबरा हे या कारवाईचे तळ होते व सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्या हाती होती. धावपट्टी निकामी करावी, परंतु विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नये, अशी स्पष्ट आज्ञा वैमानिकांना होती. आपलीच भूमी आपण परत घेत आहोत, ही जाणीव त्या आज्ञेत आहे असे आम्हांस वाटते.

तेव्हा पहिल्या साक्षीदाराची जबानी खरी ठरते. परंतु दुसऱ्याचीही खोटी नव्हे. विमानतळावर उभी असलेली दोन विमाने त्या माऱ्यातून शाबूत राहिली होती. एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे कॉन्स्टेलेशन, दुसरे गोव्यातील पोर्तुगीज विमानसेवेचे डीसी-४. धावपट्टीची घाईघाईने डागडुजी करून, रात्रीच्या अंधारात, ही दोन्ही विमाने कराचीकडे निसटली. 'आयत्या संसारा'चे म्हणाल, तर १९६२ मध्ये दाबोळी आरमाराच्या ताब्यात आली आणि १९६४ मध्ये 'हंसा' हा आरमारी विमानतळ कोइमतूरजवळून तेथे हलला. म्हणजे थट्टेतले चारही मुद्दे सिद्ध झाले.

इतक्यात एक तरुण मध्येच म्हणाला, "ते पळालेले कॉन्स्टेलेशन बोगमाळोच्या संग्रहालयात ठेवले आहे ना? आणि दाबोळीवर बाँब टाकणारे सी हॉकही तिथेच आहे!" इतका वेळ एकमेकांवर तुटून पडणारे दोघे वृद्ध एका सुरात गरजले, "साफ चूक!"

आणि ती चूकच होती. १९९८ मध्ये सुरू झालेल्या त्या संग्रहालयातले सुपर कॉन्स्टेलेशन एअर इंडियाचे. 'राणी ऑफ एलोरा' या नावाने ते उडत असे. म्हणजे नावाचे नाते आपल्या वेरूळशी. नंतर ते हवाई दलाकडे व १९७६ मध्ये आरमाराकडे आले. दाबोळीहून पळालेल्या विमानाशी त्याचा संबंध केवळ जातीचा. सी हॉकची कथाही तशीच. ही विमाने विक्रांत या विमानवाहू नौकेची. आणि विक्रांत १९६१ च्या डिसेंबरात परकीय हस्तक्षेपाला धाक बसावा म्हणून किनाऱ्यालगत गस्त घालीत होती. प्रत्यक्ष लढाईत ती उतरली नाही. सी हॉकने पराक्रम गाजविला तो ४ डिसेंबर १९७१ पासून, बंगालच्या उपसागरात, कॉक्स बाजारच्या हल्ल्याने.

तरुणाला दोष देण्याचा अधिकार आम्हांलाही नाही. १९६१ आम्ही पाहिले नाही. आमच्या बालपणी आकाशात गर्जत असत ती १९८३ च्या अखेरीस दाबोळीस आलेली सी हॅरिअर विमाने. ११ मे २०१६ रोजी त्यांनाही निरोप मिळाला. घराची कौले थरथरली की आजी म्हणे, "हीच ती लिबरेशनची विमाने!" आम्ही कित्येक वर्षे ते खरे मानून चाललो. आजी खोटे बोलत नव्हती. तिने ऐकलेले दोन आवाज तिच्या मनात एक झाले होते, इतकेच. न्यायालयात असा प्रामाणिक साक्षीदारच सर्वांत अवघड असतो.

ओसरीवरून उठताना मुरगावचे गृहस्थ त्या तरुणाला म्हणाले, "बाळ, आज आम्ही दोघे भांडायला आहोत, म्हणून तुझी चूक धरली. उद्या कोण धरणार?" त्यावर बेळगावकर काहीच बोलले नाहीत. त्या संध्याकाळी प्रथमच ते निरुत्तर झाले होते.

वाचकहो, जुन्या विमानांवरून चालणारी ही म्हाताऱ्यांची थट्टा आम्हांस पोरकट वाटत नाही. जो चुकेल त्याला तिथल्या तिथे अडविणारा प्रतिपक्ष तीत समोरच बसलेला असतो. तो उठून गेला, की चुकीला हरकत घेणारे कोणी उरत नाही आणि तीच पुढे इतिहास म्हणून सांगितली जाते. देवस्थानच्या दप्तरात आपण तेलवातीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला आहे. त्याच आस्थेने आपल्या घरच्या, शेजारच्या वृद्धांना पुढल्या जत्रेत समोरासमोर बसवावे, त्यांना मनसोक्त भांडू द्यावे, आणि कोणीतरी कागद-लेखणी घेऊन जवळ बसावे. आम्ही स्वतः तर वही घेऊन जाणारच आहो.