खेळाडूंचें वय आणि इतिहासाचा न्याय

भिवंडीच्या मागाच्या कारखान्यांतून पाळी संपवून घरीं आलेला तरुणही आज संगणकावर जुन्या काळचे क्रिकेटपटू पुन्हां मैदानावर उतरवूं शकतो. संघ निवडावा, सामने खेळवावे, हंगामामागून हंगाम पुढें न्यावा, असा हा खेळ. त्यांत खेळाडूचें वय बहुधा एकाच ठराविक नियमानें वाढविलेलें असतें: तिशीच्या आंत भर, पस्तिशीनंतर उतार आणि चाळिशीच्या सुमारास निवृत्ति.

हा नियम प्रा. दि. ब. देवधर यांना लावून पाहावा. पुण्याच्या या संस्कृतच्या प्राध्यापकांचा जन्म १८९२ चा. १९२६ सालीं एम. सी. सी. विरुद्ध त्यांनीं १४८ धावा काढल्या, तेव्हां ते चौतीस वर्षांचे होते. नियमाप्रमाणें येथून उतार लागावयाचा. प्रत्यक्षांत १९३९-४० व १९४०-४१ या लागोपाठच्या हंगामांत त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला. त्यांपैकीं दुसऱ्या हंगामांत मुंबईविरुद्ध त्यांनीं २४६ धावा केल्या. आणि १९४४ सालीं, बावन्न वर्षांचे असतां, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकें काढलीं. नागपुरास जन्मलेले कर्नल सी. के. नायडू तर १९५६-५७ सालीं, वयाचीं एकसष्ट वर्षें उलटल्यावरही, रणजी सामन्यांत खेळले.

याचें कारण केवळ विलक्षण प्रकृति नव्हे. भारत पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ सालीं. रणजी स्पर्धा सुरू झाली १९३४ सालीं, म्हणजे देवधरांच्या चाळिशीनंतर. पुढें १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत, महायुद्धाच्या काळांत, भारताला कसोटी सामनाच मिळाला नाहीं. विजय मर्चंट १९३३ पासून १९५१ पर्यंत अवघे दहा कसोटी सामने खेळले, आणि शेवटच्या सामन्यांत, चाळिशींत, त्यांनीं आपली सर्वोच्च १५४ ची खेळी केली. संधीच विरळ होती. यंत्र मात्र न मिळालेल्या संधीला शक्तिक्षय समजतें.

तथापि देवधरांवरून सर्वांचेंच वय लांबविणें हाही दोषच होय. जे टिकले ते नोंदींत दिसतात; तिशींतच बॅट ठेवून नोकरीधंद्याला लागलेले दिसत नाहींत. म्हणून झालेला इतिहास पुन्हां खेळवावयाचा असेल, तर प्रत्येक हंगामाचें बळ त्या त्या वर्षाच्या धावफलकावरून घ्यावें. कल्पित इतिहास रचावयाचा असेल, तर उतार प्रत्येकाचा निराळा ठेवावा, द्रुतगति गोलंदाजाचा लवकर, फलंदाजाचा सावकाश. आणि सामन्यांवांचून गेलेलीं वर्षें उतारांत धरूं नयेत.

अन्यथा ज्या तरुणाला देवधरांची ओळख या खेळांतूनच व्हावयाची, त्याच्या लेखीं ते करंडक जिंकण्यापूर्वींच निवृत्त झालेले असतील.